जांभळं छप्पर

प्रिय टिल्लू,

बाकाचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं चर्चच्या पाळकबाईंच्या. हॉलच्या मधोमध आल्यावर त्यांनी आपलं टोक खाली ठेवलं आणि वर बघितलं. मग मीही ठेवलं. आम्ही उभ्या होतो तिथे पूर्वी बादली असायची. फरशीवर तिचा गोल डाग अजून आहे. पाळकबाई म्हणाल्या, शनिवारी त्यांची खुर्ची कुठे मांडायची? त्यांची म्हणजे तुझी. तू नगराध्यक्ष झाल्यापासून त्या तुला अहो-जाहो करतात. मी म्हटलं, नेहमीच्या जागी. नेहमीची जागा म्हणजे बरोबर तो डाग. आम्ही बाक पुन्हा उचलला आणि भिंतीला लावला, पण तो सरळ लागला नाही, आणि दोघींपैकी कुणालाच तो सरळ करावासा वाटला नाही.

हे मी तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे. सुरुवात दुपारी एक्स-रेच्या खोलीत केली. मधे एक गुडघा आला, एक खांदा आला. आता हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात बसले आहे. बसले आहे म्हणजे काय, उठते, किटली धुते, पुन्हा बसते. ती किटली स्वच्छच होती. ऊन उतरलं की वरचे पत्रे तडतडतात, आणि दर वेळी मी मान वर करते. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, श्वास घ्या, रोखा, सोडा. यंत्र चालतं तेवढ्यापुरता तो रोखायचा असतो. गेले काही दिवस मलाच कुणी 'सोडा' म्हटलेलं नाही.

अक्षराला हसू नकोस. कोंबडीचे पाय आहेत हे मलाही दिसतंय. मनगट जुळलंय, पण लिहिताना अजून कुरकुरतं. आणि हे दुसऱ्याकडून लिहून घेता येत नव्हतं.

तुला तो बसथांबा आठवतो? आठवणारच. आधीच्या नगराध्यक्षांनी बांधला होता, संगमरवरी बाक, वर दिवा, आणि ज्या रस्त्यावर बांधला तिथून एकही बस जात नव्हती. ड्रायव्हरकाका तेव्हा नोकरीत होते. ते एकदा भरलेली बस घेऊन मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेले, थांबले, भोंगा वाजवला आणि प्रवाशांना म्हणाले, उतरा, तुमच्या पैशातून झालाय, निदान बसून तरी बघा. त्यांना कामावरून काही दिवस घरी बसवलं. त्याच आठवड्यात ते या स्वयंपाकघरात आले. पाळकबाई होत्या, दातांचा डॉक्टर होता, तू होतास, मी चहाला होते; खुर्चीवरच्यांना जाब विचारायचं आपलं मंडळ तिथेच सुरू झालं. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आपला देवाबिवावर विश्वास नाही, आपण फक्त हॉलसाठी आलोय. पाळकबाई म्हणाल्या, हॉललाही छप्पर धड नाही, तेव्हा तुमचं-आमचं सारखंच आहे.

तुझं तेव्हा सायकलचं दुकान होतं. नखांत काळं वंगण. बोलायला उभा राहिलास आणि मागच्यांना दिसेनास म्हणून पाळकबाईंनी स्तोत्रांच्या पुस्तकांची पेटी तुझ्या पायाखाली सरकवली. मंडळाची सगळी रीत तू त्या पेटीवर उभा राहून सांगितलीस. ज्याला जाब विचारायचा त्याला हॉलच्या मधोमध खुर्ची द्यायची आणि एकच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असंच देता येईल. त्यानं पुढचा शब्द काढला की ड्रायव्हरकाकांनी भोंगा वाजवायचा. त्यावर सगळे हसले; काकांनी मात्र दुसऱ्या दिवशी भंगारातून रबरी फुग्याचा पितळी भोंगा आणून तो घासायला घेतला. मग तू म्हणालास की उत्तरावर वाद घालायचा नाही आणि टाळ्याही वाजवायच्या नाहीत. तो जे बोलेल ते त्याचं, आपण ते घेऊन घरी जायचं.

डॉक्टरला हे पटलं नव्हतं. तो म्हणाला, म्हणजे माणूस खोटं बोलला तरी आपण मान डोलवायची? तू म्हणालास, सगळ्या गावासमोर एका शब्दाचं खोटं बोलणं फार जड असतं. लांबलचक खोटं हलकं असतं, ते कुणीही बोलतो.

मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. बोलले नव्हते. आपल्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. आई गेल्यावर मी तुला हाताला धरून रस्ता ओलांडून शाळेत न्यायचे आणि तू पलीकडे गेलास की हात झटकून टाकायचास, मित्र बघतील म्हणून. त्या दिवशी पेटीवरून उतरताना तू माझा खांदा धरलास, सगळ्यांदेखत.

लोक म्हणतात नगराध्यक्ष झाल्यावर तू बदललास. मी म्हणत नाही. खालच्या वस्तीत नळ आले ते तुझ्यामुळे आले. तो संगमरवरी बाक उचलून जिथे खरंच बस थांबते तिथे नेऊन ठेवलास, आणि पहिल्या दिवशी त्याच्यावर ड्रायव्हरकाकांना बसवलंस. ते अजून सांगतात. आता तुला भेटायचं तर आधी तुझ्या कार्यालयातल्या माणसाला फोन करावा लागतो आणि तो विचारतो, कोण बोलताय? मी म्हणते, त्यांचं नाक पुसणारी. तो फोन जोडून देतो. तेवढं चालतंय.

मग थंडीत अवकाळी पाऊस झाला आणि मी पडले. गाण्याच्या सरावाला लवकर आले होते. गळतीची बादली काठोकाठ भरली होती, ती उचलून बाहेर ओतायला निघाले आणि बाजूला सांडलेल्या पाण्यावर पाय गेला. आवाज ऐकूनच मला कळलं होतं काय झालंय. माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताखालच्या मुलीनं माझं चित्र काढलं आणि मला म्हणाली, बाई, श्वास रोखा. स्वतःचं हाड पहिल्यांदा पाहिलं. तू सभा सोडून आला होतास. प्लास्टर होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होतास आणि मी बाहेर आले तेव्हा माझ्या चपला तुझ्या हातात होत्या. खाली ठेवायचं तुला सुचलं नव्हतं. नगराध्यक्ष चपला घेऊन बसलेत म्हणून वॉर्डातल्या बायका बघत होत्या. मला हसू आलं, तुला आलं नाही. तू एवढंच म्हणालास, त्या छताचं मी बघतो, ताई.

हात गळ्यात होता तेवढ्यात छप्पर बदललंसुद्धा. पालिकेच्या ठेकेदाराची माणसं आली, जुने पत्रे उतरवले, नवे चढवले. पाळकबाईंना सांगितलं की शिल्लक माल पडून होता, साहेबांनी सांगितलंय, पैसे नकोत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रस्त्यातच थांबले. जांभळं. गर्द, वांग्यासारखं. अख्ख्या रस्त्यात तेवढं एकच. डॉक्टर म्हणाला, आपण आता देवळात जमतो की आइस्क्रीमच्या दुकानात? पण पाळकबाई गहिवरल्या होत्या. पश्चात्तापाच्या दिवसांत वेदीवर जांभळं कापड घालतात ना, तोच रंग. त्यांना वाटलं तू जाणून निवडलास. एवढ्या सत्तेत गेलेला माणूस आपल्या डोक्यावर पश्चात्तापाचा रंग चढवून देतो, यावर त्यांनी पुढच्या रविवारी उपदेश केला. चांगला झाला होता. दोन बायका रडल्या.

आणि छप्पर गळायचं थांबलं. खरं सांगू, मला बरं वाटलं होतं. बादली न ठेवता बाक मांडता येतात याचंच नवल वाटायचं.

चित्रकलेच्या बाई मागच्या महिन्यात आल्या. तू त्यांना ओळखत नसशील. खालच्या वस्तीतल्या शाळेत शिकवतात, बारीक आवाज, खांद्याला मोठी पिशवी. शाळेच्या छपराचा प्रश्न मंडळानं हाती घ्यावा म्हणून आल्या होत्या. पाळकबाईंनी त्यांना चहा दिला, समोर बसवलं. त्या बोलायला लागल्या आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष वर गेलं. आतल्या बाजूनंही रंग तोच आहे. बाई गप्प झाल्या. आम्हाला वाटलं बिचकल्या असतील. डॉक्टर म्हणाला, बोला बाई, इथे कुणी खात नाही. त्या म्हणाल्या,

"हा आमच्या मुलांचा रंग आहे."

मग हळूहळू सगळं सांगितलं. शाळेचं छप्पर मंजूर झालं तेव्हा पालिकेनं रंगाचे नमुने पाठवले होते. बाईंनी ते फळ्यावर चिकटवले आणि मुलांना हात वर करायला लावले. हिरवा आणि जांभळा यांत चुरस झाली. जांभळा जिंकला तेव्हा हिरव्यावाले रुसले. एक मुलगी घरी जाऊन जेवली नाही. बाईंनी त्यांना समजावलं की ज्यांचे हात जास्त त्यांचं ऐकायचं, आणि पुढच्या वेळी आपले हात वाढवायचे. मग निरोप आला, माल संपला, पुढच्या वर्षी बघू. मुलं अजून ताडपत्रीखाली बसतात. वारा सुटला की बाईंना ओरडून शिकवावं लागतं. मुलं त्यांना विचारतात, आपण जिंकलो होतो ना? बाई म्हणाल्या, मी त्यांना काय सांगू, तेवढं तुम्ही मला सांगा.

त्या गेल्यावर कुणी उठलं नाही. पाळकबाई म्हणाल्या, मी त्यावर उपदेश केला. हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. शेवटी डॉक्टर म्हणाला, बाई, देवाचा हात दिसला की आधी पावती मागायची असते. एरवी त्यांनी त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी त्या नुसत्या मान हलवत राहिल्या आणि मग डॉक्टरलाच कसंसं झालं. त्यानं उठून सगळ्यांच्या कपबश्या धुतल्या. पहिल्यांदाच.

तुला वाटेल मंडळ तुझ्यावर तुटून पडलं असेल. तसं झालं नाही. निम्मे लोक तुझ्याच बाजूनं बोलले. कुणी म्हणालं, ठेकेदाराला बोलावू, टिल्लूला कशाला? कुणी म्हणालं, आपण त्याच छपराखाली बसतो, आपणच कसं विचारणार? गुपचूप मिटवू, पत्रे परत देऊ, विषय संपवू. ड्रायव्हरकाका बराच वेळ भोंग्याचा फुगा चोळत बसले होते. ते म्हणाले, ज्या दिवशी आपलं माणूस म्हणून आपण वाट वाकडी केली, त्या दिवशी आपणही बस नसलेला थांबाच झालो. मग पाळकबाईच म्हणाल्या की पत्रे शुक्रवारी सकाळी उतरवायचे आणि शाळेत पोचवायचे. शनिवारी विचारायचं ते उघड्या आभाळाखाली विचारायचं. कुणीतरी म्हणालं, लोकांना थंडी वाजेल. त्या म्हणाल्या, वाजू दे.

तेव्हा नगराध्यक्ष म्हणून वर्षातून एकदा त्या खुर्चीत बसायला येतोस तसा या शनिवारी येशीलच, पण डोक्यावर काही नसेल. हे तुला आधीच कळलेलं बरं.

काल तुझ्या बायकोचा फोन आला होता. म्हणाली, ताई, शनिवारी यांना लवकर सोडाल ना, पाहुणे आहेत. मी म्हटलं, एका शब्दाचं काम आहे, किती वेळ लागणार! ती हसली. मग म्हणाली, हे हल्ली झोपेत बोलतात. मी विचारलं, काय बोलतात? म्हणाली, काही कळत नाही, नुसती कूस बदलतात. मी रिसिव्हर ठेवला आणि उगाचच घराला कुलूप लावून रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले.

मला राजकारणातलं फार कळत नाही, पण एवढं कळतं. तू 'हो' म्हणालास तर तुझी खुर्ची जाईल. तिच्यावर टपलेले लोक कोण आहेत हे मलाही माहीत आहे. त्यांना ना नळांशी देणंघेणं, ना शाळेशी. तू गेलास की पुन्हा कुठेतरी संगमरवरी थांबा उभा राहील. आणि तू 'नाही' म्हणालास, तर मंडळाच्या रीतीप्रमाणे ते आम्ही घेऊन घरी जाऊ. वाद नाही, टाळ्या नाहीत. मला ते 'नाही' घरी न्यावं लागेल आणि रोज त्याच्याबरोबर जेवावं लागेल. तुझं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, टिल्लू. मला कुठेतरी लांब राहायला जाता येणार नाही.

कधीकधी हाडात एक रेघ दिसते. ती चीरही असू शकते, किंवा आतून शीर जाते तिची खाचही असू शकते, म्हणजे काहीच झालेलं नसतं. एका चित्रावरून कळत नाही. तेव्हा हात वळवून दुसऱ्या बाजूनं काढायचं. मी या प्रकरणाचा हात सारखा वळवून पाहते आहे. एका बाजूनं दिसतं की तू ठेकेदाराला सांगितलंस, तिकडचे इकडे लाव, मुलांचं पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या बाजूनं दिसतं की तू नुसतं म्हणालास, हॉलचं छप्पर करायला हवं, माझी बहीण पडली. आणि साहेबांची मर्जी राखायला त्यानं जवळ होते ते पत्रे उचलले, आणि तू रंगाकडे माझ्यासारखंच नवलानं पाहिलंस. दोन्ही बाजूंनी मला एकच गोष्ट सारखी दिसते. बाकावर बसलेला तू, आणि तुझ्या हातात माझ्या चपला.

हे तुला सांगायला मी घरी आले असते. काल तुझ्या फाटकापर्यंत आलेही होते. तुमच्याकडे दिवे होते, कुणीतरी हसत होतं. मी परत फिरले, कारण आत आले असते तर ताई म्हणून आले असते आणि तू मला काहीतरी लांबलचक सांगितलं असतंस. मी ते ऐकलंही असतं.

तुझ्याच रीतीतलं एक कलम राहिलं. तू म्हणाला होतास की आपण सापळे लावत नाही. प्रश्न त्या माणसाला आदल्या दिवशी कळला पाहिजे, आणि विचारणाऱ्यानं तो स्वतःच्या हातानं लिहून नेऊन दिला पाहिजे. आणि विचारणारा त्याचा वैरी नसावा. वैरी विचारायला लागला की माणूस वैऱ्याला उत्तर देतो, प्रश्नाला देत नाही. परवा मंडळात कोण विचारणार असं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाला, मी विचारतो. काका म्हणाले, तू त्याची दाढ काढली आहेस, तू वैऱ्यातच मोडतोस. सगळे हसले आणि मग कुणीच माझ्याकडे बघेना. ते इतके लक्ष देऊन फरशीकडे बघत होते की शेवटी मीच म्हटलं, मी विचारीन. तेव्हा हे पत्र नाही, ही तुझी सूचना आहे. प्रश्न असा: ते पत्रे शाळेचे आहेत हे ठाऊक असताना तू ते हॉलवर चढू दिलेस का? हो किंवा नाही. 'ताईसाठी' हा त्याच्या पुढचा शब्द आहे. तो तुझ्या तोंडातून निघाला तर काका भोंगा वाजवतील, आणि मी त्यांना थांबवणार नाही.

तुझीच, आणि शनिवारपुरती मंडळाचीही,
ताई

शुक्रवार, सकाळ.

हे घेऊन तुझ्या घरी निघाले होते. वाटेत हॉलपाशी थांबले. चित्रकलेच्या बाईंनी टेम्पो आणला आहे. सुतार वर बसून स्क्रू काढतो आहे आणि ड्रायव्हरकाका कुणाचं न ऐकता शिडीवर चढून पत्रे खाली देताहेत. तू रस्त्यानं चालत आलास. तुला कुणी बोलावलं नव्हतं. वर पाहिलंस. शिडी डगमगत होती. तू जाऊन ती खालून धरलीस. अजून धरून उभा आहेस. निम्मे पत्रे उतरलेत. तुझे दोन्ही हात गुंतलेत, म्हणून मी बाकावर बसून एवढं लिहिते आहे. मोकळे झाले की देते.